शून्याखालचा काटा

ट्रकचं इंजिन जागच्या जागी धडधडत होतं आणि हवेचा दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्याच्या खाली उतरला होता. धाकट्याने इंजिन बंद केलं. काटा शून्यावर आला. पुन्हा चालू केलं, काटा पुन्हा खाली.

"गेज खोटं बोलत नाहीये," धाकटा म्हणाला आणि बॉनेटमध्ये वाकला.

डिझेलच्या उभ्या गाडीत मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब बाहेरच्या हवेइतकाच हवा. काटा निमूटपणे शून्याला टेकून बसायला हवा. तो खाली गेला, म्हणजे इंजिनला श्वास पुरत नाही, वाटेत काहीतरी अडलंय. ड्रायव्हरचंही तेच म्हणणं होतं. सकाळी गाडी नेली तेव्हा ठीक वाटली, पण चढ लागला तशी धापा टाकायला आणि काळा धूर ओकायला लागली. तो अर्ध्या वाटेवरून परत आला होता.

या गाडीचा एअर फिल्टर कालच बदलला होता आणि तो धाकट्याने बदलला होता. आज सकाळी गाडी देण्याआधी पाइपचे क्लॅम्पही त्यानेच पुन्हा तपासले होते.

थोरला कामाच्या टेबलावरच्या व्हाइसपाशी उभा राहून हे बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी बरं वाटत होतं. त्याने या गॅरेजमध्ये पाना धरला तेव्हा धाकटा शाळेत पेन्सिली चघळत होता. पण गिऱ्हाईक आलं की वडील म्हणणार, धाकट्याला दाखवा, त्याचा कान तयार आहे. थोरल्याने अख्खं इंजिन उलगडून पुन्हा बांधलं तरी नावडतीचं मीठ अळणीच. आता वडिलांचे गुडघे गेले होते. ते घरी बसणार होते आणि गॅरेजची किल्ली कुणाकडे द्यायची ते या आठवड्यात ठरणार होतं. आयत्या बिळावर नागोबा बसणार, असं थोरला रोज बायकोला सांगायचा. ती कूस बदलून झोपायची.

गॅरेजमध्ये वडिलांचा एक नियम होता. हात पुसायचं फडकं प्रत्येकाचं ठरलेल्या रंगाचं. त्यांचं लाल, थोरल्याचं पिवळं, धाकट्याचं निळं. संध्याकाळी तिन्ही फडकी आपापल्या खिळ्याला लागल्याशिवाय शटर खाली यायचं नाही. पूर्वी एका मेकॅनिकचं फडकं इंजिनात राहिलं आणि इंजिन कामातून गेलं. माणूस गुणी होता, तरी वडिलांनी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं. ज्याला फडकं सांभाळता येत नाही तो गाडी काय सांभाळणार, हे त्यांचं वाक्य दोन्ही मुलांना पाठ होतं.

धाकट्याचं निळं फडकं आज सकाळपासून सापडत नव्हतं. तो पँटलाच हात पुसत होता.

"कुठे ठेवलंस रे?" थोरल्याने विचारलं.

"असेल इथेच, दादा."

इतक्यात वडिलांनी केबिनमधून थोरल्याला हाक मारली. हातातलं फडकं व्हाइसवर टाकून तो आत गेला. भाऊ एकटा झगडतोय आणि तू गंमत बघत उभा आहेस, एवढंच त्यांना सांगायचं होतं. थोरला खाली मान घालून ऐकत राहिला. यातही धाकट्याचीच काळजी, हे त्याला जास्त झोंबलं.

तो बाहेर आला तेव्हा इंजिन बंद होतं आणि धाकटा फिल्टरजवळच्या रबरी पाइपचा क्लॅम्प आवळत होता. ड्रायव्हरने गाडी चालू केली. काटा खाली गेला, पण मघापेक्षा जरा कमी.

"थोडा सुधारला की," ड्रायव्हर म्हणाला.

"पण बरा नाही," धाकटा म्हणाला.

थोरल्याने हात पुसायला फडकं शोधलं. व्हाइसवर नव्हतं. त्यानेही पँटलाच हात पुसले. त्याचं लक्ष आज फडक्यात नव्हतं, तो मनात मांडे खात होता.

धाकट्याने पाना खाली ठेवला. "दादा, मी हरलो. फिल्टर नवा आहे, टर्बोचा पंखा मोकळा फिरतोय. आता तूच बघ. पाइपच्या वळणात तुझा हात पोचेल."

इतक्या वर्षांत तो असं कधी बोलला नव्हता. थोरल्याला आनंद लपवता येईना.

"बाबांनाही बोलावतो," धाकटा म्हणाला. "त्यांच्यासमोरच होऊ दे."

वडील काठी टेकत आले. गाडी बंद झाली. थोरल्याने क्लॅम्प सोडवला, बाही वर केली, आणि कुठे काय आहे हे ठाऊक असल्यासारखा हात सरळ वळणापर्यंत घातला. बोटांना कापड लागलं. त्याने ते खेचून काढलं आणि न बघताच उंच धरलं.

"बाबा, तुम्हीच सांगायचात ना? ज्याला आपलं फडकं सांभाळता येत नाही, त्याच्या हातात किल्ली द्यायची?"

वडील आधी फडक्याकडे आणि मग बराच वेळ थोरल्याकडे बघत राहिले. त्यांच्या मागे धाकटा शांतपणे हात पुसत होता, निळ्या फडक्याला.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन आपणच खिळ्यावरून काढलेलं आणि या पाइपात कोंबलेलं तेच निळं फडकं थोरल्याने लगेच ओळखलं. मग त्याने मान वर करून आपल्या हातातलं बघितलं. ते पिवळं होतं.