जमिनीचा रकाना

"लाल ठिपका पुसायला मी कुठं सांगतेय? तो लाल का आहे, एवढं विचारायची सोय हवी."

ती बैठकीत म्हणाली. खात्याचे मोठे साहेब पडद्याकडे बघत राहिले. सरकारी बांधकामांच्या खर्चाची तुलना करणारी नवी सेवा उभी करायचं काम तिच्याकडे होतं. शाळा, पूल, दवाखाने, प्रत्येक कामाचा एक ठिपका. तशाच इतर कामांइतका खर्च असेल तर हिरवा, फार जास्त असेल तर लाल. उद्या कुणीही घरबसल्या बघावं.

पडद्यावर सगळ्यांत वर एक लाल ठिपका एकटाच लटकत होता. तो एका दवाखान्याचा. तो दवाखाना सरकारी इंजिनीअर असलेल्या तिच्या बाबांनी बांधला होता, आणि साहेबांना याचा पत्ता नव्हता.

दवाखान्यावर दुप्पट पैसा गेला असा शेरा एका लेखापरीक्षकानं मारला आणि बाबा ऐन निवृत्तीच्या तोंडावर निलंबित झाले. पेन्शन अडकली ते एक वेळ चाललं असतं. पण सख्खा मामा घरी येईनासा झाला. आई भाजी आणायला चार गल्ल्या लांब जायला लागली, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. मुलगी जिवाचं रान करून ही सेवा बांधत होती ती काय सरकारच्या प्रेमापोटी? छे! तिला बापाचं नाव धुऊन काढायचं होतं.

"तिथली जमीन मऊ निघाली गं," बाबा सांगत. "नुसता चिखल. पाया खोल न्यावा लागला. आता पाया जमिनीखाली, तो कुणाला दाखवू?"

बाहेरच्या खोलीत त्या दवाखान्याचा फोटो होता. दारासमोर रंगवलेल्या पिंपांची लांबलचक रांग, प्रत्येक पिंपात एक रोप. "बाप हौशी आहे तुझा," आई म्हणायची. बाबा मात्र फोटोकडे पाठ करून बसत. ज्या कामानं तोंड दाखवायला जागा ठेवली नाही ते बघवत नसेल, असं तिला वाटायचं.

"एक रकाना वाढवू," ती साहेबांना म्हणाली. "जमीन कशी होती? मऊ असेल तर पायाला जास्त खर्च येणारच. मऊ जमिनीच्या कामांची तुलना मऊ जमिनीच्या कामांशीच करायची."

"आणि हा रकाना भरणार कोण?" टेबलाच्या टोकावरून प्रश्न आला. विचारणारा तोच लेखापरीक्षक. जाड चष्म्यामुळं सगळं ऑफिस त्याला भिंग म्हणायचं. तिच्या नशिबानं तो समितीवरही होता.

"ज्यानं काम केलं तो."

"तपासणार कोण?"

"जमिनीबद्दल कोण कशाला खोटं लिहील? जमीन काय उठून पळून जाते?"

सगळे हसले. भिंग हसला नाही. बैठक संपल्यावर तो जिन्यात थांबला होता.

"तुम्ही कुणाची मुलगी आहात, मला माहीत आहे."

ती पायरीवरच वळली. "मग सांगा जाऊन साहेबांना."

"नाही सांगणार. मुलगी बापासाठी धडपडणार नाही तर कुणासाठी? फक्त एकदा ती जागा बघून या, ताई."

"मला आकडे पुरतात," ती म्हणाली आणि तरातरा खाली उतरली. ताई म्हणे! माणसाला आयुष्यातून उठवायचं आणि वर ताई.

रकाना झाला. बाबांनी आपली माहिती भरली, आणि ठिपका तिच्या डोळ्यांदेखत खाली सरकून हिरवा झाला. खुर्चीत बसल्या बसल्या तिला रडू फुटलं. सेवेचाच पुरावा घेऊन चौकशी बंद झाली. पेन्शन सुटली. त्या संध्याकाळी आई कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी घेऊन आली, तीही सगळ्यांशी गप्पा मारत. मामाचा फोन आला. बाबा तेवढे पेपरात डोकं घालून बसले होते.

"बाबा, काहीतरी बोला की!"

"झालं ना आता. पुरे कर तो विषय."

किती सोसलं असेल माणसानं, तिला वाटलं.

भल्या अधिकाऱ्याला नाहक छळलं म्हणून भिंगाची उचलबांगडी झाली, पार टोकाच्या एका गोदामात. जाताना तो डबा काखोटीला मारून तिच्या टेबलापाशी घुटमळला. तिनं मान वर केली नाही. बरी खोड मोडली मेल्याची, असं ती शेजारणीला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

सेवा चांगलीच चालली. दूरदूरच्या कचेऱ्यांनी रकाना भरला आणि लाल ठिपके भराभर विरळ झाले. किती निर्दोष माणसं भरडली जात होती, या विचारानं तिला भरून यायचं.

पुढं दवाखान्याच्या वर्धापनदिनी बाबांच्या हस्ते झाड लावायचं ठरलं. बाबांचा गुडघा नेमका त्याच दिवशी धरला. मग तीच गेली. आयुष्यात पहिल्यांदा.

फोटोतली पिंपं होती तिथंच होती. रोपांची झाडं झाली होती, काही पिंपं मुळांनी फाटली होती. म्हातारा माळी तिच्यासाठी नवं पिंप रंगवून उभा होता. दवाखाना बांधणाऱ्या साहेबांची मुलगी आली म्हणून तो हरखून गेला.

"काका, बाबांची हौस कळली, पण झाडांच्या जिवाची किती घुसमट ही!" ती फाटक्या पिंपावर हात ठेवून म्हणाली. "हे तरी जमिनीत लावू या. खड्डा करा एक छानसा."

"हौस कसली, बाई!" माळी हसला. "हातभर खाली सगळा कातळ आहे इथं. पाया घेतला त्याच दिवशी तुमचे बाबा म्हणाले होते, उगाच पहारी मोडू नका, पिंपं आणा."