सरळ रेषा

"सरळच आहे गं आई. कितीदा विचारशील?" लेकीने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि दाराकडे न बघताच सांगून टाकलं.

मावशी चौकटीसमोर उभ्याच राहिल्या. चौकट त्यांना तिरकी दिसत होती. वरचा कोपरा किंचित आत आलेला, जाता जाता कुणी खांदा मारून गेल्यासारखा. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा. तिरकीच.

"नीट बघ ना एकदा."

"बघितलं. तू आधी चष्मा बदल. मी सासरी गेले तेव्हा जो तुझ्या नाकावर होता तोच अजून आहे."

मावशी हसल्या. हसण्यावारी नेलं की विषय संपतो, हे त्यांना ठाऊक होतं.

कपड्यांच्या कारखान्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. कॉलर बसवावी तर त्यांनीच. पण हल्ली सुईत दोरा ओवायला घेतला की दोरा एकीकडे, सुई दुसरीकडे. गेल्या आठवड्यात मास्तरांनी एक शर्ट आणून मुकाट्याने त्यांच्यापुढे ठेवला. टीप कॉलरच्या कडेवरून घसरून भलतीकडेच गेली होती.

"मावशी, डोळे दाखवून घ्या."

"धूळ जाते हो डोळ्यांत. आमच्या शेजारी नवी इमारत उठतेय. दिवसभर ते यंत्राचं धूड जमीन उकरत बसतं. नुसती चुरचुर."

"धूळ पाण्याने जाते," मास्तर म्हणाले. "ही टीप जाईल का?"

मावशींनी टीप उसवायला घेतली. मास्तरांना काय सांगायचं? मावशींच्या आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी सुई हुलकावणी देऊ लागली. मग एकदा जेवता जेवता आई म्हणाली, "ही भिंत अशी वाकडी कशी झाली?" पंगतीतले सगळे हसले. पुढे आईला भिंतच दिसेनाशी झाली. शेवटी शेवटी ती माणसांचे चेहरे हातांनी चाचपून ओळखायची, आणि चुकली की ओशाळून हसायची. ते हसू मावशींच्या काळजात रुतून बसलं होतं.

म्हणून त्या टाळत राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पण घर त्यांना टाळू देईना. खिडकी लावायला जावं तर कडी खोबणीत बसायची नाही; नेमच चुकायचा. स्वयंपाकघरातून बाहेर येताना पाऊल अंदाजापेक्षा खाली पडायचं. आणि परवा लेकीच्या पलंगामागच्या भिंतीवर त्यांना एक काळी रेघ दिसली, केसासारखी बारीक, छतापासून निघालेली. आईच्या डोळ्यांपुढेही असेच केस तरंगायचे. मावशींनी डोळे चोळले, तोंडावर पाणी मारलं. रेघ जागची हलली नाही.

लेकीला विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. 'कुठे काय?' असं ती म्हणाली असती तर?

त्या दिवसापासून त्यांनी बाळाला अंघोळ घालणं सोडलं. ओल्या अंगाचं लेकरू, आणि आपली नजर अशी.

"आई, तुला कंटाळा आला का गं आमचा?" लेकीने एकदा विचारलं. जावई कामासाठी परगावी होता, म्हणून ती बाळाला घेऊन माहेरी राहायला आली होती. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं उमटली होती.

"वेडी का तू? कंबर धरलीय माझी."

आणि आज सकाळी बाळ रडलं म्हणून त्यांनी न राहवून उचललं. दारातून बाहेर पडताना पायाखालची फरशी जणू कलली. तोल गेला. एका हाताने चौकट धरली म्हणून निभावलं. बाळ खुदकन हसलं.

बाळाला पलंगावर लेकीच्या कुशीत ठेवून त्या म्हणाल्या, "दोघं झोपून घ्या. मी जरा जाऊन येते."

"कुठे?"

"चष्म्याचं बघते."

लेक झोपेतच हसली. "सुटले एकदाची."

डोळ्यांची डॉक्टर लेकीच्याच वयाची होती. तिने अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बसवून उजेड पाडला. मावशींनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. शेवटी त्यांनी आईची सगळी हकिगत सांगून टाकली. चौकट, कडी, काळी रेघ, काही म्हणता काही झाकलं नाही.

डॉक्टरने पुन्हा एकदा तपासलं. मग चौकटी-चौकटींचा एक कागद पुढे धरला. "मधल्या ठिपक्याकडे बघा. एखादी रेषा वाकलेली, तुटलेली दिसते?"

मावशींनी श्वास रोखून पाहिलं. एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. "नाही."

"नक्की?"

"अगदी सरळ आहेत सगळ्या."

"मग घाबरताय कशाला? आईचा आजार तुम्हाला नाही. जवळचा नंबर वाढलाय, म्हणून सुई दाद देत नाही. बाकी डोळ्यांचा पडदा स्वच्छ आहे."

मावशींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. किती दिवसांनी छातीवरचा धोंडा उतरला होता. पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळाला घ्यायला हरकत नाही ना?"

"खुशाल घ्या."

चष्म्याचा नंबर लिहिता लिहिता डॉक्टरने सहज विचारलं, "माझ्या मागची भिंत कशी दिसते हो?"

"सरळ."

"हे दार?"

"तेही सरळ."

"कारखान्यात? रस्त्यावर?"

"नाही हो, बाहेर कुठेच नाही," मावशी आता मोकळेपणी हसत म्हणाल्या. "हे सगळं फक्त घरीच दिसतं."

डॉक्टरचा लिहिता हात थांबला. तिने पेन खाली ठेवलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मावशी, आत्ता घरी कोण आहे?"