बारा रबरं

“काका, एक विनंती आहे. माझ्या दादाला फेऱ्या सांगू नका हं. ‘एवढ्या झाल्या, तेवढ्या राहिल्या’, काही म्हणजे काही नको. तो स्वतः मोजतो.”

मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मुलगी कठड्याला रेलून उभी होती. तिचा दादा, पंचविशीतला, शिडशिडीत, पलीकडे जागच्या जागी उड्या मारत होता. त्याच्या डाव्या मनगटात केसांना लावायची रंगीबेरंगी रबरं होती.

“मोजतो म्हणजे कसा?”

“बारा रबरं आहेत. शर्यत साडेबारा फेऱ्यांची, म्हणून पहिली अर्धी फेरी धरायची नाही. मग एक पूर्ण फेरी झाली की एक रबर उजव्या हातात. डावा हात रिकामा झाला की शर्यत संपली. युक्ती त्याचीच बरं का.”

“वा! डोकं आहे की!”

“आहेच. फक्त गेल्या वर्षी घात झाला. सगळ्यांच्या पुढे होता, आणि एक फेरी बाकी असताना थांबून हात वर केले.” तिचा आवाज खाली आला. “यंदा चुकला तर संघातून नाव कटणार. साहेबांनी तसं तोंडावर सांगितलंय. वर्षभर झोपेतसुद्धा रबरं सरकवतोय तो, काका.”

मास्तरांचा जीव कळवळला. “अगं, मी कशाला आहे इथे? पस्तीस वर्षं गणित शिकवलंय. माझी घंटा वाजली की समजायचं, शेवटची फेरी. काळजी सोड.”

बौद्धिक अक्षमता असलेल्या अव्वल खेळाडूंची ही जागतिक स्पर्धा. फेऱ्या मोजायचं काम मास्तरांनी हौसेने मागून घेतलं होतं. “बिचाऱ्यांना आकडे जड जातात. तिथे माझ्यासारखा माणूस हवाच,” असं ते घरी म्हणाले, तेव्हा बायको म्हणाली होती, “जा की. पण आधी चष्मा शोधा. डोक्यावर आहे.”

फेऱ्या दाखवणारा विजेचा फलक काल दुपारीच रुसला होता. मग मास्तरांनी संध्याकाळी स्वतः बसून पत्र्याच्या बारा पाट्या रंगवल्या. पिवळ्यावर काळे आकडे, फळ्यावर काढावेत तसे ठसठशीत. सकाळी एकाच खिळ्यावर एकामागे एक, सगळ्यांत वर बारा आणि तळाला एक, अशा अडकवताना अंगठा थोडा पिवळा झाला, एवढंच. आकड्यांचं तोंड धावणाऱ्यांकडे, मास्तर मागे. फेरी झाली की वरची पाटी काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवायची. एकच उरली की घंटा. यात चुकायला जागाच कुठे होती?

पिस्तूल वाजलं आणि मास्तर बघतच राहिले. काय ती पावलं, काय तो दम! त्यांच्या शाळेतला एकही पोरगा यांच्या पासंगाला पुरला नसता. ‘बिचारे’ म्हटल्याची त्यांना मनातल्या मनात लाजच वाटली.

दादा चौथा-पाचवा होता. दर फेरीला समोरून जाताना तो एक रबर इकडून तिकडे सरकवी. मास्तर एक पाटी काढीत. दोघांची अगदी जोडी जमली होती. मध्येच एक पाटी अंमळ जड लागली. वय झालं बुवा, असं म्हणत मास्तरांनी ती खुर्चीवर ठेवून दिली.

शेवटी खिळ्यावर एकच पाटी उरली. मास्तरांनी घंटा अशी बडवली की कबुतरं उडाली. पुढचे चौघे सुसाट सुटले. दादा मात्र आपल्याच चालीने पळत राहिला.

पहिला रेषा ओलांडून गेला आणि कर्णा ओरडला, “नवा जागतिक विक्रम! आधीच्यापेक्षा तब्बल सव्वा मिनिट कमी!” मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मास्तरांची छाती फुगली. विक्रमाची घंटा शेवटी त्यांच्या हातची!

दादा पाचवा आला. आणि थांबलाच नाही.

“अरे राजा, थांब! झाली, झाली!” मास्तर ओरडले.

दादाने पळता पळता डावा हात उंचावला. मनगटात एक लाल रबर होतं. आणि तो गेला पुढे, आता जीव तोडून, एकटाच.

लोक हसू लागले. कुणी शिट्टी घातली. बहीण कठड्याला धरून मटकन खाली बसली. “तेरा घातली की काय मी? सकाळी मीच मोजून दिली होती हो, काका! माझ्यामुळे गेलं त्याचं.”

“रडू नकोस. तुमच्या साहेबांशी मी बोलतो,” मास्तर म्हणाले. “मोजण्यात चूक भल्याभल्यांची होते. माझी कधी झाली नाही, ती गोष्ट वेगळी.”

गळ्यात गळे घालून उभे असलेले विजेते बाजूला सरकले. दादाने रेषा ओलांडली, रिकामा डावा हात सगळ्यांना दाखवला आणि ओरडला, “बारा!” आनंद नुसता ओसंडत होता त्याच्या तोंडावरून. मग धापा टाकत तो थेट मास्तरांपुढे येऊन उभा राहिला.

“मास्तर, सातनंतर पाच आला. सहा कुठे गेला?”

आजूबाजूचे खो खो हसले. मास्तरही हसले. “तुझ्याबरोबर पळायला गेला असेल,” म्हणत त्यांनी त्याची पाठ थोपटली. डोळे पुसता पुसता बहिणीलाही हसू आलं.

तिकडे पदकांची तयारी सुरू झाली. मास्तर पाट्या गोळा करू लागले. खुर्चीवरच्या दहा, खिळ्यावरची एक. अकरा. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजल्या. अकरा. त्यातली एक मघासारखीच जड लागली. त्यांनी तिच्या कडेत नख घातलं, ओलसर पिवळा रंग चर्रकन सुटला, आणि सातच्या पाठीमागून सहा निघाला.