देण्याघेण्यातली टोपली

नीलांबरीने वाण म्हणून टोपली हातात ठेवली आणि उत्तराचा चेहरा पडला. टोपली ओळखीची होती. काठाची वीण एका जागी उसवली होती आणि ती उत्तराने स्वतः हिरव्या दोऱ्याने शिवली होती. दोन वर्षांपूर्वी ती तिने मनुरेवातल्या सिद्धीला वास्तुशांतीला दिली होती. मधे कुठे कुठे पाहुणचार घेतला देव जाणे, पण आज इथे न्यूझीलंडमध्ये, पुकेकोहे गावी, संक्रांतीच्या हळदीकुंकवात, टोपली माहेरी परत आली.

"किती छान आहे गं," उत्तरा म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

हॅमिल्टनला घरी परतताना गाडी ती चालवत होती. शेजारी सासूबाई बसल्या होत्या, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या मनोरमाबाई. टोपली त्यांच्या मांडीवर होती. हिरव्या टाक्यांवरून त्या बोट फिरवत होत्या.

उत्तरा दूध-यंत्रांच्या कंपनीत इंजिनिअर. कंपनीच्या कामासाठी युगांडात गेली असताना एका खेड्यात तिला केमिगिशा भेटली. ती आणि तिच्या गावातल्या बायका केळीच्या सोपटाच्या टोपल्या विणायच्या. उत्तराने उत्साहाने देणगी देऊ केली. केमिगिशाने हसून नकार दिला. देणगी खाऊन संपते, म्हणाली, त्यापेक्षा ऑर्डर दे. उत्तराला ते फार आवडलं. मग टोपल्यांच्या पेट्या न्यूझीलंडला येऊ लागल्या आणि सगळ्या मराठी मंडळींनी त्या उचलल्या. पहिल्या दोन पेट्या हातोहात संपल्या. तिसरी मात्र वर्षभर गॅरेजमध्ये पडून होती.

का, ते आज कळलं. टोपली देण्याघेण्यात गेली होती. मंडळींनी पुणं सोडलं, मुंबई सोडली, पण कपाटातला तो एक कप्पा बरोबर आणला होता. कोरे ब्लाउजपीस, स्टीलच्या वाट्या, न वापरता या घरातून त्या घरात फिरणाऱ्या. इतकी सुंदर टोपली वापरायला कुणाचा जीव होत नव्हता. आणि कुणी वापरत नव्हतं, म्हणून कुणाला दुसरी लागत नव्हती. त्याच टोपल्या डोहाळजेवणाहून मुंजीला आणि मुंजीहून वाढदिवसाला जात होत्या.

तिकडे केमिगिशाचा मेसेज येऊन पडला होता. या महिन्यात ऑर्डर आली नाही, तर बायका पुन्हा चहाच्या मळ्यात मजुरीला जाणार, तीही जाणार. तक्रार नव्हती, नुसतं विचारलं होतं. तेच उत्तराला जास्त लागलं. आपण तिला आशा लावली आणि तोंडघशी पाडलं, असं वाटून तिला रडू आलं.

रविवारी तिच्याकडे हळदीकुंकू होतं. तिने ठरवलं, पेटीतल्याच टोपल्या वाण म्हणून लुटायच्या आणि सगळ्यांना कळकळीने सांगायचं, की बायांनो, या वापरा. भाषणाचे मुद्देसुद्धा काढले. मनोरमाबाईंनी ते ऐकून घेतले. वाण रिकामं देऊ नये, एवढंच म्हणाल्या, आत खाऊ मी घालते.

उत्तरा साडी नेसून स्वयंपाकघरात आली तेव्हा सासूबाई कढईतून चकल्या काढून थेट टोपल्यांत टाकत होत्या. हिरव्या दोऱ्याची टोपलीही सुटली नव्हती. सगळ्यांचे तळ तेलाने काळवंडले होते. पेपर टॉवेलचा रोल शेजारीच उभा होता.

"आई, अहो, कागद तरी घालायचा होता."

"राहिलंच बघ," मनोरमाबाई म्हणाल्या. "वय झालं की होतं असं."

पापडसुद्धा कागदावर काढणाऱ्या बाईने असं म्हणावं! पण वाद घालायला वेळ नव्हता. दाराबाहेर जँडल्सची, म्हणजे इकडच्या चपलांची, रांग लागायला सुरुवात झाली होती. हिरव्या दोऱ्याची तेवढी मागे ठेवून उत्तराने तेलकट टोपल्या तशाच लुटल्या. शरमेने भाषण विसरली. चकल्या सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ल्या. नीलांबरीने शेवटची चकली उचलली, खालचा डाग पाहिला आणि "अगंबाई" एवढंच म्हणाली.

दोन दिवस उत्तरा सासूबाईंशी कामापुरतं बोलली. केमिगिशाला 'माफ कर' असं लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

बुधवारी संध्याकाळी नीलांबरीचा फोन आला. उत्तराने तो स्पीकरवर टाकला, कारण हात कणकेत होते.

"अगं, तुझी टोपली डागाळली ना, आता ती कुणाला देता यायची नाही. म्हणून कांदेबटाट्यांना काढली. काय सोयीची आहे गं! आता लसणाला एक हवीय. आणि शनिवारी सिद्धीकडे बारसं आहे, तिला द्यायला घरात काहीच उरलं नाही. तुझ्याकडे आहेत ना, कोऱ्या?"

त्यानंतर सिद्धीचा फोन आला. मग आणखी दोघींचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत गॅरेजमधली पेटी रिकामी झाली होती. उत्तराने 'माफ कर' पुसून टाकलं आणि केमिगिशाला नवी ऑर्डर पाठवली, आधीपेक्षा मोठी. तिकडून लगेच हसरे चेहरे आले, ओळभर.

मग तिने मान वळवून सासूबाईंकडे पाहिलं. मनोरमाबाई मटार सोलत होत्या. हिरव्या दोऱ्याच्या टोपलीत दाणे पडत होते.

"चकलीची भाजणी संपलीय," त्या वर न बघता म्हणाल्या. "पुढची पेटी यायच्या आत आणून ठेव."