खाडीपलीकडचा कौल

१९६१ साल. मानकऱ्यांविरुद्ध खरी साक्ष दिली म्हणून जानकीकाकीला गावच्या विहिरीवर बंदी होती. गावदेवाला कौल लावणारेही तेच मानकरी. बोटीवरून रजेवर आलेला पुतण्या शंकर म्हणाला, "काकी, युरोपात एकटो माणूस आपल्याच सरकारावर तक्रार करता. निवाडो करूक बऱ्याच देशांचे न्यायाधीश बसतत."

"आणि सरकार येता?"

"येता. उभा रवान उत्तर देता."

काकीने नारळ घेतला आणि खाडीपलीकडच्या गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं. तिथल्या गुरवाने मानकऱ्यांना बोलावणं धाडलं.

"येवचे नाय ते," शंकर हसला.

सोमवारी पाचही मानकरी होडीतून अनवाणी उतरले.

गुरवाने विचारलं, "हिका बाव कित्याक बंद केलास?"

काकी बसली होती. मानकरी उभे होते.