चोख अंगण

अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पायरीपासून फाटकापर्यंत तळहाताएवढी सुकलेली पानं पसरली होती, आणि तीही त्याच्या अंगणात! धाकट्याच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. सकाळचे साडेआठ वाजले होते. वेगळं राहायला लागल्यापासूनच्या दोन पानगळींत असा दिवस त्यानं पाहिला नव्हता.

जाळीच्या कुंपणापलीकडे, थोरल्या भावाच्या अंगणात पाचोळा होताच. तो रोजच असायचा. दादाचा सगळा कारभारच गबाळा. जन्मभर लोकांच्या विजारी उसवल्या नि शिवल्या, आणि या वयातही अंगणातल्या मोठ्या झाडाखाली शिलाई मशीन मांडून बसायचा. चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला. पायाखाली पानं चुरडत असली तरी याला पत्ता नाही. "सख्ख्या भावाबद्दल काय बोलायचं," असं धाकटा म्हणायचा आणि मग येईल त्याच्यापाशी तासभर बोलत बसायचा.

धाकटा कारखान्यात तपासनीस होता. तीस वर्षं त्यानं दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंत खोट काढली. निवृत्त झाल्यावर वस्तू सुटल्या, खोड तेवढी राहिली. लग्न केलंच नव्हतं. कसोटीला एकही मुलगी उतरली नाही. वडिलांच्या ऐसपैस अंगणाची वाटणी झाल्यावर त्यानं मधोमध कमरेएवढी जाळी ठोकली, रोज संध्याकाळी पाच वाजता खराटा मारायचा नेम धरला आणि पाचोळ्याचा प्रश्न कायमचा मिटवल्याचं जाहीर केलं. सकाळी उठून पाहावं तर अंगण लख्ख. मातीवर खराट्याचे पट्टेसुद्धा ताजे. फांद्या डोक्यावर आणि जाळी कमरेला, मग जाळीनं पानं अडतात कशी, असं एकदा वहिनीनं विचारलं होतं. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं. पानं दिवसा गळतात, रात्री वारा पडतो. हे त्यानं वहीत तारीख घालून लिहूनही ठेवलं होतं.

"झाड एकच, अंगणं दोन," तो पोस्टमनला ऐकवायचा. "फरक माणसात असतो." पोस्टमन मान डोलवायचा. त्याला पुढची घरं करायची असायची.

तरी झाड धाकट्याच्या डोळ्यांत खुपतच होतं. पानांनी घराची पन्हळ तुंबायची, आणि दादाचा तो उकिरडा रोज चहाबरोबर गिळावा लागायचा. त्यानं झाड तोडण्याचा अर्ज तयार केला. पण झाड दादाच्या वाट्याला आलेलं, म्हणजे सही दादाची हवी. अर्ज तीन महिने दादाकडे पडून होता. विचारलं की दादा दातांत सुई धरून हसायचा.

"राहू दे रे. सावली गेली तर मी बसू कुठं? आतल्या उजेडात मला दोरा ओवता येत नाही."

आणि आज हे! धाकट्याला एका क्षणात उलगडा झाला. दादानं अर्जाचा राग काढला होता. आपल्याकडचा कचरा जाळीवरून इकडे लोटला होता. तोंडावर बोलायची धमक नाही, मग असले धंदे! धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पानं तुडवत तो तरातरा दादाच्या दाराशी गेला. वाटेत झाडाखालच्या मशीनवर प्लास्टिकचा कागद अजून तसाच झाकलेला दिसला. ऐदीपणा, दुसरं काय!

"दादा, कचरा टाकायला माझंच अंगण सापडलं का?"

वहिनी बाहेर आली. तिचे डोळे तांबारलेले होते.

"हळू बोला, भाऊजी. काल संध्याकाळपासून त्यांची कंबर धरलीय. कूसही बदलता येत नाही. डॉक्टर म्हणाले, आता वाकायचं नाव काढायचं नाही." तिनं पदराखालून एक घडी घातलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला. "हा घ्या तुमचा अर्ज. आत्ताच पडल्या पडल्या सही केलीय."

धाकट्यानं कागद उलगडून सही तपासली. अक्षर हललं होतं, पण खोट नव्हती. तीन महिन्यांचा हट्ट शेवटी कमरेनं मोडला तर! आत ऐकू जाईल अशा बेतानं तो म्हणाला, "उशिरा का होईना, अक्कल आली म्हणायची."

आतून दादाचा आवाज आला. दुखण्यानं ओढलेला आणि वर ओशाळलेला.

"आज तुझं अंगण झाडायचं राहिलं रे. रोज तू उठायच्या आत उरकायचो."

"रोज?" धाकट्याच्या तोंडून एवढंच निघालं.

"रोज," वहिनी म्हणाली. "आधी तुमचं, मग वेळ उरला तर आमचं. तेवढ्यात गिऱ्हाईक यायचं."

ते ताजे पट्टे कोणाच्या खराट्याचे, हे धाकट्याला आत्ता कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातातल्या कागदाचं काय करावं ते सुचेना. आत खाट करकरली. दादा उठायचा प्रयत्न करत असावा.

"तेवढा अर्ज आजच देऊन ये," तो आतून म्हणाला. "झाड माझं, आणि पाला तुझ्या दारात पडून राहणार. आता मला वाकता येत नाही, तर ठेवायचं तरी कशाला?"