बहात्तर भागिले चार

"लेकीचं वय एक्स. मायचं तिप्पट, म्हणजे तीन एक्स. दोघींची बेरीज बहात्तर. मंग चार एक्स बरोबर बहात्तर. आता लेकीचं वय काढ," सरिता म्हणाली.

चंदानं सगळ्या पायऱ्या एकाखाली एक नीट लिहिल्या आणि शेवटी लिहिलं, सोळा.

"अठरा चोक किती?"

"बहात्तर."

"मंग इथं सोळा काहून लिवलं वं?"

चंदा दाराकडे पाहत राहिली. बाहेर ओट्यावर तिचा बाप, जगदेव, बसला होता. लेकीला मोटरसायकलवर शिकवणीला आणून तास संपेपर्यंत थांबणारा बाप अख्ख्या केनवड गावात तो एकच.

"दोनदा कोरा पेपर देल्ला इनं," तो आत ऐकू जाईल असं बोलला. "यंदा कोरा ठेवला, तर मी हाय अन् थे हाय. पास होईन नं, वहिनी?"

"होईन नं, भाऊजी."

सरिताला स्वतःला मात्र काही भरवसा नव्हता. ती दहावीच्या गणितात अडकली आणि तीन महिन्यांत बोहल्यावर चढली होती. गणित पुढे पोरांच्या पुस्तकांतून एकटीच शिकली. चंदाला अठरावं लागलेलं. यंदाही राहिली, तर हिचंही तेच होणार, हे कोणी सांगायला नको होतं.

आणि पोरगी काही सुधरेना. रीत बिनचूक, उत्तर चूक. रोज. सरिताला एकच आधार होता, बोर्डात पायरीपायरीला मार्क असतात. पण हे ती पोरांना सांगायची नाही. सांगितलं की ती उत्तराची फिकीरच सोडतात.

"रीत मात्र पुरी लिवजो," परीक्षेच्या आदल्या दिवशी ती एवढंच म्हणाली.

"लिवीन. त्याले काय होते," चंदा म्हणाली.

निकाल लागला. गणितात पस्तीस. काठावर, पण पास. सरिता मोबाइलवरचा आकडा पुन्हापुन्हा पाहत होती, तोच जगदेव पेढे घेऊन दारात आला. मागे चंदा.

"तुमचे लय उपकार, वहिनी. माह्या बहिणीनं दोन साल वाट पाह्यली. तिचं पोरगं नोकरीवर, त्याले धावी पास बायको पायजे होती. आता येत्या सोमवारीच लगन उरकून टाकतो."

सरिताच्या हातातला पेढा हातातच राहिला. जगदेव गाडी वळवायला गेला, तशी चंदा जवळ सरकली.

"काकू," ती हळूच म्हणाली, "मी तं एक बी उत्तर बरोबर येऊ देल्लं नव्हतं."